खुले पत्र : ‘सौजन्याने वागावे’ एवढ्याने भागणार नाही

प्रति,
संचालन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण मराठी सॉफ्टवेअरच्या आपल्या प्रकल्पाची आचारसंहिता मागे घेतली, तक्रारी पाहणारा तीन जणांचा गट बरखास्त केला आणि या दोहोंच्या जागी एक वाक्य ठेवले : ‘सर्व सहभागींनी परस्परांशी सौजन्याने वागावे व मतभेद आपसांत मिटवावेत.’ हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. तो ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आला, काही मिनिटांत संमत झाला आणि आचारसंहितेची फाइल त्याच रात्री रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइली जिथे राहतात तिथून, काढून टाकण्यात आली. एरवी एखादा स्वल्पविराम बदलायचा तरी दोघांचा रिव्ह्यू (तपासणी) लागतो, असा आपलाच नियम आहे. या बदलाला तो लागला नाही.

त्या बरखास्त गटाची मी सदस्य होते आणि शुद्धलेखन तपासनीसाच्या शब्दसूचीचा विभाग आजही सांभाळते. ठरावानंतर मी समितीला सविस्तर लिहिले, तेव्हा ‘निर्णय झालेला आहे, आता कामाकडे लक्ष देऊ या’ एवढे उत्तर आले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. प्रकल्पाचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. आपल्यातल्यांना ते सांगण्याची गरज नाही, आणि बाहेरच्या वाचकाला अशाच एखाद्या दुसऱ्या गटाची आठवण झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पुढे ज्या तक्रारींचा उल्लेख येतो, तो संबंधितांच्या परवानगीने आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून केला आहे.

बाहेरच्यांसाठी थोडे सांगायला हवे. आपण मराठीसाठी मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशी, साधने तयार करतो : शुद्धलेखन तपासनीस, कीबोर्ड, आणि जुन्या फॉन्टांमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर. कोणालाही पगार नाही. काम करणारे पुण्यात, यवतमाळला, पणजीत आणि कॅलिफोर्नियात आहेत, आणि बहुतेक जण नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री बसतात. अशा ठिकाणी माणूस आला तर स्वतःच्या आवडीने येतो आणि गेला तर राजीनामासुद्धा न देता जातो. त्यामुळे आपल्याला कोण सोडून गेले आणि का गेले, हे समितीला कळण्याचा तक्रारींखेरीज दुसरा मार्ग नव्हता. तोच आपण बंद केला आहे.

आता तक्रारींकडे येते.

पहिली यवतमाळ जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याची आहे. आपल्या तपासनीसात ‘कापसाला’, ‘कापसाचे’, ‘कापसात’ या शब्दांखाली लाल रेघ येत असे. कारण तांत्रिक होते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात तेच हनस्पेल नावाचे इंजिन आपणही वापरतो. त्याला दोन फाइली लागतात, एकीत मूळ शब्द असतात आणि दुसरीत त्या शब्दांना प्रत्यय लागताना होणाऱ्या बदलांचे नियम. ‘माणूस’चे ‘माणसाला’ आणि ‘लाकूड’चे ‘लाकडाला’ होते, म्हणजे सामान्यरूप होताना उपान्त्य ऊकार गळतो, हा नियम आपल्या फाइलीत होता. परंतु ‘कापूस’ या शब्दापुढे त्या नियमाची खूण लावायची राहून गेली होती, आणि त्यामुळे तपासनीस ‘कापुसाला’ हे रूप बिनचूक धरून ‘कापसाला’ चूक ठरवत होता. विदर्भात वर्षाचा सगळा हिशेब ज्या पिकावर होतो, त्या पिकाचे नाव आपल्याकडे इतकी वर्षे चुकत होते आणि आपल्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. या मुलाने ते हुडकून काढले, खूण लावली, त्याच जातीचे आणखी काही शब्द तपासून दुरुस्त केले आणि पॅच (दुरुस्तीचा प्रस्ताव) पाठवला. सोबतच्या टिपेत त्याने लिहिले : ‘हे रूप असं पायजे. आता जे दाखवते ते चुकीचं आहे.’

त्यावर आपल्या एका ज्येष्ठ मेंटेनरांचा (विभाग सांभाळणाऱ्यांचा) रिव्ह्यू असा होता : ‘ज्याला “पाहिजे” लिहिता येत नाही, त्याने शुद्धलेखनाला हात लावू नये. आधी शाळेत जा.’ खाली दोघांनी हसण्याची चिन्हे टाकली. तिसऱ्याने त्याच्या आडनावावरून एक प्रश्न विचारला, जो मी इथे पुन्हा लिहिणार नाही. महाराष्ट्रात आडनाव विचारण्यामागे काय विचारलेले असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पॅच बंद करण्यात आला. त्यातल्या एका ओळीवरही तांत्रिक आक्षेप घेतला गेला नव्हता. काही महिन्यांनी नेमकी तीच दुरुस्ती आपल्या एका जुन्या सहकाऱ्याने पाठवली, ती ‘छान पकडलंत!’ या शेऱ्यासह एका दिवसात मर्ज झाली, म्हणजे मूळ फाइलीत घेतली गेली. मुलगा परत आला नाही.

यावर ‘रिव्ह्यू कडकच असायला हवा’ असे उत्तर मिळते, म्हणून स्पष्ट करते. रिव्ह्यू कडक असावा याबद्दल माझे दुमत नाही, आणि शब्दसूचीत मी स्वतः पुष्कळ पॅच परत पाठवते. ‘हा नियम “पाऊस”ला लावला तर “पावसाला” मिळणार नाही, तिथे व येतो, तेव्हा तो शब्द वेगळा ठेवा, सोबत चाचणीची यादी जोडा, कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात कारण लिहा’ असा रिव्ह्यू त्या मुलाला मिळाला असता, तर तो पॅच दोनदा काय, चारदा परत गेला असता तरी ती तक्रार आमच्याकडे आली नसती. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या उपक्रमातल्या टी-शर्टासाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) पाऊस पडला, त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, आणि आयोजकांना अखेर ‘ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढेच सहभागी’ असा नियम घाईघाईने आणावा लागला, हे मी विसरलेले नाही. त्या रिक्वेस्ट बंद करणे योग्यच होते. काम नाकारण्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. त्या मुलाचे काम कोणी पाहिलेच नाही. पाहिली गेली ती त्याची बोली आणि त्याचे आडनाव.

आमच्या गटाने संबंधित मेंटेनरांना लेखी समज दिली आणि मुलाची माफी मागावी असे सुचवले. त्यांनी नकार दिला. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत गट बरखास्त झाला. या दोन गोष्टींचा संबंध नसेल तर समितीने तसे लिहून द्यावे, मी ते मान्य करीन.

दुसरी तक्रार कीबोर्डचा विभाग पाहणाऱ्या आमच्या सहकारी बाईंची. त्या विभागात अंतिम निर्णय त्यांचा असतो, हे आपल्याच दस्तऐवजात लिहिलेले आहे. तरी त्यांनी एखादा बदल नाकारला की ‘एकदा सरांना विचारून सांगाल का?’ हे ठरलेले. कोणते सर, हे कधी कोणी सांगितले नाही. त्या तांत्रिक कारण देतात, तर ‘मॅडम रागावल्या वाटतं’ असे उत्तर येते. एवढ्यावर थांबले असते तर त्यांनी सोडून दिले असते; बायकांना हे सोडून देण्याची सवय असते, आणि ती सवय आहे म्हणून सारे सुरळीत चालले आहे असा इतरांचा समज होतो. पण एका सहभागीने रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठवायला सुरुवात केली, उत्तर आले नाही तर त्यांच्या प्रत्येक कमिटखाली वाकडे शेरे मारायला सुरुवात केली, आणि हे कित्येक आठवडे चालले. त्यांनी समितीतील एका सदस्यांना सांगितले, तेव्हा ‘तो आपला जुना माणूस आहे, स्वभावच तसा आहे’ असे ऐकावे लागले.

नव्या ठरावातील ‘मतभेद आपसांत मिटवावेत’ हे शब्द या प्रकरणाला लावून पाहा. ज्या माणसाचे संदेश नको म्हणून बाईंनी तक्रार केली, त्याच माणसाशी त्यांनी आता एकटीने बोलायचे आहे. ठराव लिहिताना हे आपल्या मनात नसेल, असे मी धरून चालते. परंतु ठराव तेच सांगतो.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्यापैकी बरेच जण दिवसा हिंजवडीत, खराडीत, पवईत नोकरी करतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि त्याआधी १९९७ पासून सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे होती. म्हणजे ऑफिसमध्ये जे लिहिण्याची कोणाची हिंमत होणार नाही, ते तोच माणूस घरी येऊन आपल्या प्रकल्पात लिहितो, कारण इथे नियोक्ता नाही, नोकरी नाही, त्यामुळे ती समितीही नाही. स्वयंसेवकांना कायद्याचा तो आधार सहज मिळत नाही. म्हणूनच स्वतःची आचारसंहिता लागते.

तिसरी तक्रार कन्व्हर्टरच्या मेंटेनरांची. ती समितीच्या सदस्यांनाही थोडीफार ठाऊक आहे, तरी सविस्तर सांगते, कारण तिचा परिणाम सगळ्यांत दूरवर जाऊ शकतो. जुन्या फॉन्टांमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे, तो जुन्या मजकुरात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. एकाच अक्षरावर दोन्ही आले, जसे ‘आर्थिक’ किंवा ‘वार्षिक’मध्ये, की क्रम लावणे किचकट होते. एका आवृत्तीत तिथे बग (चूक) राहिला आणि तो नेमका दिवाळी अंकांची पाने लागत असताना उघड झाला. वर्षभर ज्यांनी आपले नावही घेतले नव्हते, ते डीटीपीवाले, प्रकाशक, संपादक एकदम जागे झाले. ‘फुकट देता म्हणून वाटेल ते द्याल का?’ इथपासून सुरुवात झाली. कोणीतरी मेंटेनरांचा खासगी फोन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांमध्ये टाकला आणि रात्री एक-एक वाजता घरी फोन येऊ लागले. त्यांच्या आईंनीही ते उचलले. पाने अडल्यावर माणूस वैतागतो, हे मी समजू शकते. मला न समजणारी गोष्ट ही, की त्याच दिवसांत आपल्याच प्रकल्पातील एका ज्येष्ठांनी जाहीरपणे लिहिले : ‘झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या.’ मेंटेनरांनी बग दुरुस्त केला, नवी आवृत्ती काढली आणि दुसऱ्या दिवशी काम सोडले.

आज कन्व्हर्टरच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार एका अशा खात्याकडे आहे, जे त्यानंतर काही आठवड्यांनी आले आणि ज्याच्या मागचा माणूस आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही, बैठकीत त्याचा आवाजही कोणी ऐकलेला नाही. मी त्या खात्यावर कसलाही आरोप करत नाही. ते अगदी सज्जन माणसाचे असेल. पण हाच प्रसंग दुसरीकडे कसा घडला, ते आठवून पाहा. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारे छोटेसे साधन लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीच्या बहुतेक वितरणांत असते. ते वर्षानुवर्षे एकच गृहस्थ, विनामोबदला, छंद म्हणून सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘कामाचा वेग नाही, दुसरा मेंटेनर नेमा’ असा तगादा लावला. आपली मानसिक प्रकृती बरी नसल्याचे त्या गृहस्थांनी सांगितल्यावरही तगादा थांबला नाही. मदतीला तत्पर असलेल्या एका नव्या खात्याला हळूहळू अधिकार मिळत गेले, आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमधून त्याच खात्याने चोरदरवाजा घुसवला. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, हे खटकले, त्यांनी शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट उघड केली. तो अर्धा सेकंद कोणाला खटकला नसता तर काय झाले असते, याचा अंदाज आपल्यातल्या सुरक्षा तज्ज्ञांनी करावा. मेंटेनरला बोल लावून थकवणे ही तिथे हल्ल्याची पहिली पायरी होती. आपल्याकडे ती पायरी कोणी कट न करताच बांधून दिली आहे.

आचारसंहितेचा विषय निघाला की ‘हा भावनांचा प्रश्न आहे, आपण सॉफ्टवेअरबद्दल बोलू या’ असे बैठकीत म्हटले जाते. वरचे तिन्ही प्रसंग सॉफ्टवेअरबद्दलच आहेत. एकात बरोबर पॅच गेला, दुसऱ्यात बरोबर निर्णय डावलले गेले, तिसऱ्यात मेंटेनर गेले. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये सुमारे साडेपाच हजार लोकांची पाहणी केली, तिच्यात १८ टक्क्यांनी स्वतः वाईट वागणूक अनुभवल्याचे आणि ५० टक्क्यांनी ती इतरांच्या बाबतीत पाहिल्याचे सांगितले, आणि ज्यांनी अनुभवले किंवा पाहिले त्यांच्यापैकी २१ टक्क्यांनी तो प्रकल्पच सोडला. त्या मुलाचा रिव्ह्यू कोणकोणत्या नवख्यांनी वाचला आणि पॅच न पाठवताच पान बंद केले, हे मोजायला आपल्याकडे साधन नाही.

ठरावाच्या समर्थनार्थ आपण जी कारणे दिली, त्यांनाही उत्तर देते.

‘आपण सगळे एकमेकांना ओळखतो, नियमांची गरज काय?’ असे एक कारण होते. ओळखतात ते जुने. नव्याला कोणीच ओळखत नाही, आणि ओळखीवर चालणाऱ्या ठिकाणी त्याचीच बाजू कायम पडते.

‘ही पाश्चात्त्य टूम आहे’ हे दुसरे. आपण जी संहिता काढून टाकली, ती कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीच्या नमुना संहितेच्या २.१ या आवृत्तीवर आधारलेली होती. २०२१ च्या त्या आवृत्तीत कोणत्या कारणांवरून भेदभाव होणार नाही याची जी यादी आहे, तिच्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आहे, आधीच्या १.४ मध्ये तो नव्हता. म्हणजे परदेशी म्हणून आपण जो कागद फेकला, त्यात जात लिहिलेली होती, आणि आपल्या मातीतले म्हणून जे वाक्य आणले, त्यात ती नाही. यावर मी आणखी भाष्य करत नाही.

तिसरे कारण, ‘एक साधे वाक्य पुरेसे आहे, कलमे कशाला?’ याला लिनक्स कर्नेलचा, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचा, अनुभव पुरेसा आहे. १९९१ पासून चालत आलेल्या त्या प्रकल्पात त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या तिखट भाषेवर अनेक वर्षे वाद होते. २०१५ च्या मार्चमध्ये ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा एक आटोपशीर मजकूर घालण्यात आला. तुमच्या कोडवर टीका होईल, पण व्यक्तिशः त्रास झाला तर तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा, आणि एकमेकांशी उत्तम वागा, असा त्याचा आशय होता. म्हणजे निदान कोणाकडे जायचे एवढे तरी त्यात होते, आपल्या वाक्यात तेही नाही. तो मजकूर साडेतीन वर्षे टिकला. १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्यामुळे लोक दुखावले आणि काही जण कर्नेलच्या कामापासून दुरावले असतील याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ बाजूला होण्याचे ठरवले, आणि त्याच सुमारास कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटवर आधारित संहिता लागू झाली. कर्नेलची ४.१९ ही आवृत्ती त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी प्रकाशित केली, नंतर टोरवाल्ड्स परतले, आणि कर्नेल आजही आपल्या प्रत्येकाच्या सर्व्हरवर चालते आहे. संहितेने काम बुडते, ही भीती त्यानंतर तरी कोणी घालू नये. ती संहिता शोभेची राहिलेली नाही, हेही दिसले आहे : नोव्हेंबर २०२४ मध्ये एका फाइल सिस्टिमच्या (फाइली साठवण्याच्या व्यवस्थेच्या) मेंटेनरच्या सहभागावर, सहकाऱ्याला अपमानास्पद लिहिल्याबद्दल, ६.१३ या आवृत्तीच्या कामाच्या काळात मर्यादा घालण्यात आली. कोड चांगला असणे ही सबब तिथे चालली नाही.

सौजन्याचे आवाहन करून यंत्रणा मोडणे म्हणजे सोसायटीच्या जिन्यात ‘स्वच्छता राखा’ अशी पाटी लावून सफाई कामगाराला काढून टाकण्यासारखे आहे. घाण करणारा पाटी वाचत नाही, आणि घाण झाल्याचे सांगणाराच किरकिऱ्या ठरतो.

चौथ्या कारणाला मात्र मी वजन देते : ‘असे नियम माणसे संपवायला वापरले जातात.’ हे घडू शकते. बंद दाराआड, आरोप न सांगता, अपिलाची सोय न ठेवता कारवाई झाली तर अन्याय होणारच. पण त्यावर इलाज नियम काढणे हा नाही, नियम राबवणाऱ्यांनाही नियमात बांधणे हा आहे. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर २०२१ मध्ये वर्तनाचे नियम सांभाळणाऱ्या संपूर्ण गटाने एकदम राजीनामे दिले. त्यांचे म्हणणे एकच होते, की मुख्य गट स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, आणि त्यामुळे त्याच्या सदस्यांना नियम लावता येत नाहीत. त्या प्रकल्पाला पुढे कारभाराची घडीच बदलावी लागली, २०२३ मध्ये नवी नेतृत्व परिषद आली. आमच्या गटाला आपण राजीनाम्याचीही संधी दिली नाहीत, हा किरकोळ फरक सोडला तर दुखणे तेच आहे. आपल्या जुन्या संहितेतही समितीच्या सदस्याविरुद्ध तक्रार आली तर काय करायचे, हे लिहिलेले नव्हते. तो दोष दुरुस्त करू या. त्यासाठी सगळी फाइल पुसण्याचे कारण नव्हते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

काढलेली आचारसंहिता पुन्हा जागेवर ठेवावी आणि तिच्यात बदल करायचा असेल तर तो किमान दोन आठवडे सर्वांसाठी खुला ठेवून, सहभागींच्या मतदानाने करावा. डेबियन या लिनक्स वितरणाने आपली संहिता २०१४ मध्ये सर्वसाधारण ठरावावर मतदान घेऊन स्वीकारली. तेवढ्या मोठ्या प्रकल्पाला जे जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

तक्रारी पाहणारा गट पुन्हा नेमावा, पण या वेळी तो समितीने नेमू नये. सहभागींनी निवडावा, त्यात समितीचे सदस्य नसावेत, आणि समितीच्या सदस्याविरुद्धची तक्रारही त्याच गटापुढे, त्याच नियमांनी चालावी. ज्याचा तक्रारीशी संबंध असेल त्या गट-सदस्याने त्या वेळी बाजूला व्हावे. मी स्वतः या गटासाठी उभी राहणार नाही, म्हणजे हे पत्र जागेसाठी लिहिले असे कोणाला म्हणायला नको.

तक्रार मिळाल्याची पोच तीन दिवसांत आणि निर्णय तीस दिवसांत द्यावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती काय आहे ते कळावे, त्याचे म्हणणे ऐकले जावे आणि त्याला एकदा अपील करता यावे. कारवाई पायऱ्यांनी व्हावी : आधी समज, मग ताकीद, मग ठरावीक काळ बंदी, आणि कायमची बंदी अगदी शेवटी. कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटमध्ये २.० पासून या पायऱ्या लिहिलेल्याच आहेत. दर सहा महिन्यांनी किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे नावे न घेता जाहीर करावे.

आपल्या मुलखापुरती दोन कलमे वाढवावीत. कोणाची बोली, उच्चार किंवा लेखनाची ढब यावरून हिणवणे आणि आडनावावरून जातीची चौकशी करणे हे संहितेचे उल्लंघन आहे, असे त्यात शब्दशः लिहावे. प्रमाण मराठीची साधने बनवणाऱ्या प्रकल्पात हे कलम नसेल, तर वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, कोकण इथून येणारा प्रत्येक जण पहिल्या टिपेलाच अडखळेल, आणि मग ‘शब्दसूचीत ग्रामीण शब्द कमी का?’ यावर आपण परिसंवाद भरवत बसू.

मेंटेनरांचे खासगी फोन नंबर प्रसिद्ध करणाऱ्यांवर कारवाई व्हावी. बाहेरचा माणूस असेल तर निदान त्याला आपल्या जागेतून बंदी असावी. मेंटेनरला काही काळ सुट्टी जाहीर करता यावी आणि त्या काळात दबाव आणणारे शेरे काढून टाकले जावेत. रिपॉझिटरीचे अधिकार कोणालाही देताना दोन जुन्या मेंटेनरांची संमती लागावी. कन्व्हर्टरच्या बाबतीत हे मागील तारखेपासून लागू करावे आणि आधीचे मेंटेनर सोडून गेल्यानंतर झालेले सर्व कमिट नव्याने तपासावेत. हे काम या आठवड्यात सुरू करता येईल. त्याला कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.

शेवटची मागणी त्या विद्यार्थ्याबद्दल. ‘कापूस’ची दुरुस्ती प्रथम त्याने केली, तेव्हा योगदानकर्त्यांच्या यादीत त्याचे नाव त्या दुरुस्तीसाठी नोंदवावे, आणि ज्या जागी त्याला बोलले गेले त्याच जागी, त्या बंद केलेल्या पॅचखाली, समितीने दिलगिरी लिहावी. त्याची परत येण्याची इच्छा नाही, असे त्याने मला कळवले आहे. तरीही दिलगिरी तिथे लिहिलेली असावी, कारण ते पान उद्या दुसरा कोणीतरी वाचणार आहे.

समितीने येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आयत्या वेळचा म्हणून नव्हे, आणि बैठक सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. शब्दसूचीचे माझे काम चालू राहील; रिव्ह्यू, मर्ज, नव्या आवृत्तीची तयारी यांपैकी काहीही मी अडवणार नाही, कारण त्याचा त्रास वापरणाऱ्यांना होईल. मात्र दरवर्षी विदर्भातील महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांसाठी मी जी कार्यशाळा घेते, ती यंदा होणार नाही. वरील मागण्यांचा निर्णय होईपर्यंत कोणालाही या प्रकल्पात या म्हणून सांगणे मला शक्य नाही, असे मी त्या महाविद्यालयांना आजच कळवले आहे.

आपली,
शब्दसूची विभागाची मेंटेनर
पुणे